दुय्यम पात्र (चित्रपट व व्हिडिओ गेम)

दुय्यम पात्र म्हणजे कथेच्या केंद्रस्थानी नसलेले, पण कथानकात निश्चित काम असलेले पात्र. मराठीत त्यासाठी गौण पात्र, सहायक पात्र, उपपात्र असे शब्दही वापरले जातात. चित्रपटात नायकाचा मित्र, घरमालक, हवालदार, मोलकरीण, खलनायकाचा साथीदार ही या प्रकारची नेहमीची पात्रे होत. व्हिडिओ गेममध्ये खेळणाऱ्याच्या हाती ज्यांचे नियंत्रण नसते अशा पात्रांना खेळाडूविरहित पात्रे म्हणतात आणि त्यांतील बहुतेक दुय्यम असतात. दुय्यमपणा दोन प्रकारचा असतो. एक कथेतील, म्हणजे पात्राच्या वाट्याला किती प्रसंग आले यावर ठरणारा. आणि दुसरा कथेतल्या समाजातील, म्हणजे शिपाई, नोकर, प्यादे अशा खालच्या हुद्द्याचा. हे दोन्ही बहुधा एकत्र येतात. मात्र खालच्या हुद्द्याचे पात्र कथेचा कणा ठरल्याचीही पुष्कळ उदाहरणे आहेत.

संज्ञा आणि वर्गीकरण

इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत पात्रांचे सपाट आणि गोलाकार असे दोन वर्ग केले. सपाट पात्र एकाच गुणाभोवती उभे असते, ते चटकन ओळखता येते आणि शेवटपर्यंत बदलत नाही. गोलाकार पात्र वाचकाला चकित करू शकते. दुय्यम पात्रे बहुधा सपाट असतात, परंतु सपाट म्हणजे कमअस्सल असे फॉर्स्टर यांना म्हणायचे नव्हते, ही गोष्ट परीक्षेच्या उत्तरांत नेहमी निसटते. थोड्या वेळात लक्षात राहायचे असेल तर सपाटपणा ही सोयच असते.

हिंदी चित्रपटसृष्टीत दुय्यम भूमिका नियमितपणे करणाऱ्या नटाला ‘चरित्र अभिनेता’ म्हणण्याची पद्धत रूढ झाली व ती मराठीतही आली. नाव नसलेल्या, गर्दीत उभ्या राहणाऱ्या कलाकारांना पूर्वी ‘एक्स्ट्रा’ म्हणत. आता ‘ज्युनियर आर्टिस्ट’ हा शब्द वापरला जातो. ‘एक्स्ट्रा’ म्हणजे जादा, वरकड. तो शब्द मागे पडला हे बरेच झाले.

नाट्यपरंपरेतील पूर्वसूरी

भारतीय नाट्यशास्त्राने दुय्यम पात्रांचा विचार बारकाईने केला आहे. दहाव्या शतकात धनंजयाने लिहिलेल्या ‘दशरूपक’ या ग्रंथात मुख्य कथावस्तूला आधिकारिक आणि तिला साहाय्य करणाऱ्या उपकथेला प्रासंगिक असे म्हटले आहे. प्रासंगिक कथा लांबवर चालणारी असेल तर ती ‘पताका’, थोडक्यात संपणारी असेल तर ‘प्रकरी’. रामकथेतील सुग्रीवाचा वृत्तान्त हे पताकेचे ठरलेले उदाहरण. पताकेचा नायक तो पीठमर्द; तो मुख्य नायकाचा अनुयायी असतो आणि गुणांनी त्याच्याहून किंचित उणा असतो. त्याच्याखेरीज विट, चेट आणि विदूषक हे नायकाच्या परिवारातले. आजच्या चित्रपटातील ‘नायकाचा मित्र’ हा पीठमर्द आणि विदूषक यांच्या मिश्रणातून घडलेला आहे.

संस्कृत नाटकांत पात्राचा दर्जा त्याच्या भाषेवरून कळत असे. राजा आणि विद्वान ब्राह्मण संस्कृत बोलत. स्त्रिया, विदूषक, नोकरचाकर प्राकृत बोलत, आणि प्राकृतातही उतरंड होती. ‘अभिज्ञानशाकुंतल’ नाटकाच्या सहाव्या अंकाच्या आरंभी येणारा कोळी मागधी बोलतो. माशाच्या पोटात सापडलेली राजमुद्रा विकताना तो पकडला जातो, रक्षक त्याला दटावतात, त्याच्या धंद्याची टिंगल करतात, आणि राजाकडून बक्षीस आल्यावर तेच रक्षक त्याच्याबरोबर मद्याच्या दुकानाकडे निघतात. या कोळ्याला नाटककाराने नावदेखील दिलेले नाही. तरीही त्याच्या हाती अंगठी लागली नसती तर दुष्यंताची स्मृती परतली नसती आणि नाटक पाचव्या अंकातच अडून राहिले असते.

शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ तर दुय्यम पात्रांचेच नाटक म्हणता येईल. अंगमर्दन करून पोट भरणारा आणि जुगारात कर्जबाजारी झालेला संवाहक पुढे बौद्ध भिक्षू होतो, आणि शकाराने गळा दाबून मेली म्हणून टाकून दिलेल्या वसंतसेनेला तोच वाचवतो व वधस्थानी घेऊन येतो. शेवटी राज्य बदलते तेव्हा नाटककार कोणाला विसरत नाही. भिक्षूला सर्व विहारांचा प्रमुख केले जाते, शकाराचा गुलाम स्थावरक दास्यातून मुक्त होतो आणि चारुदत्ताला वधस्थानी नेणाऱ्या चांडाळांनाही पद मिळते. मराठी रंगभूमीवर हे नाटक गोविंद बल्लाळ देवल यांनी संगीत रूपात आणले; गिरीश कर्नाड यांचा ‘उत्सव’ (१९८४) हा हिंदी चित्रपटही त्यावर बेतलेला आहे.

महाराष्ट्रात तमाशाच्या गौळणीतील मावशी आणि पेंद्या, तसेच वगातील सोंगाड्या ही या वर्गातील पात्रे. कथा राजाची असली तरी प्रेक्षक सोंगाड्याची वाट पाहत. गोविंद कुलकर्णी दिग्दर्शित ‘सोंगाड्या’ (१९७१) या चित्रपटात दादा कोंडके यांनी हीच परंपरा नायकपदी नेली.

पाश्चात्त्य रंगभूमीवर टॉम स्टॉपर्ड यांनी शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मधील दोन किरकोळ दरबारी, रोझेनक्रँट्झ आणि गिल्डनस्टर्न, यांना नायक करून १९६६ मध्ये नाटक रंगभूमीवर आणले. त्या दोघांना आपण कशासाठी बोलावले गेलो आहोत हेच शेवटपर्यंत नीट कळत नाही. स्टॉपर्ड यांनी स्वतः दिग्दर्शित केलेल्या त्याच्या चित्रपटरूपाला (१९९०) व्हेनिस महोत्सवात सुवर्णसिंह मिळाला.

चित्रपटातील दुय्यम पात्रे

‘शोले’चे उदाहरण

१५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेला रमेश सिप्पी दिग्दर्शित ‘शोले’ हा दुय्यम पात्रांच्या अभ्यासासाठी हिंदीतील सर्वांत सोयीचा चित्रपट आहे. सलीम-जावेद यांच्या पटकथेत तुरुंगाधिकारी (असरानी), लाकडाच्या वखारीवरचा सूरमा भोपाली (जगदीप), मौसी (लीला मिश्रा), रहीम चाचा (ए. के. हंगल), नोकर रामलाल (सत्येन कप्पू) अशी पात्रे ओळीने येतात आणि प्रत्येकाला एखादाच ठसठशीत प्रसंग मिळतो.

त्यांत सांभाची भूमिका विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. मॅक मोहन यांनी साकारलेला हा डाकू बहुतेक वेळ खडकावर बंदूक घेऊन बसलेला दिसतो आणि त्याच्या वाट्याला बोलणे असे जवळजवळ नाहीच. सरकारने आपल्यावर किती इनाम लावले आहे असे गब्बरसिंग विचारतो आणि सांभा रक्कम सांगतो. एवढ्या छोट्या उत्तरात पटकथेचे मोठे काम होते. गब्बरने स्वतःच आपल्या डोक्यावरील इनामाची रक्कम सांगितली असती तर ती बढाई ठरली असती. ती दुसऱ्याने सांगावी आणि त्याने ऐकावी यातच त्याची सत्ता दिसते. प्रश्न विचारणारा सरदार खाली, उत्तर देणारा उंच खडकावर, ही मांडणीही अर्थपूर्ण आहे. हुकूम सुटताच चोख उत्तर येते, मग उत्तर देणारा कितीही उंचावर बसलेला असो.

याच प्रसंगात रामगढहून हात हलवत परतलेल्या तीन डाकूंना गब्बर शिक्षा करतो. तिघेही मरतात, पण संवादात नाव उच्चारले जाते ते एकाच्याच वाट्याला : कालिया. ही भूमिका मराठी अभिनेते विजू खोटे यांनी केली आणि पुढे दीर्घ कारकीर्द करूनही लोकांनी त्यांना कालिया म्हणूनच ओळखले. बाजूच्या दोघांची नावे चाहत्यांनाही सांगता येत नाहीत. नाव मिळणे आणि न मिळणे यांतले अंतर दाखवण्यासाठी याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण.

सूरमा भोपाली या पात्राची लोकप्रियता इतकी वाढली की जगदीप यांनी त्याच नावाचा चित्रपट १९८८ मध्ये दिग्दर्शित केला. पण ‘शोले’तील त्याची गंमत त्याच्या थापेबाज भोपाळी बोलीत आणि थोडक्यात आटोपण्यात होती. चिमूटभर हिंगाने फोडणी खुलते म्हणून कोणी हिंगाची भाजी करत नाही.

हवालदार, मोलकरीण आणि बोली

संस्कृत नाटकातील प्राकृताची उतरंड हिंदी चित्रपटात वेगळ्या रूपाने उतरली. मुंबईत घडणाऱ्या कथांत नायक प्रमाण हिंदी बोलतो, तर हवालदार, मोलकरीण, गिरणीकामगार, भाजीवाली यांच्या तोंडी मराठी वळणाची हिंदी येते. त्यांची नावेही ठरलेली : पांडू, गणपत, गंगूबाई, शांताबाई. शहराची भाषा बोलणारा माणूस त्याच शहराच्या कथेत पाणी आणून देणारा ठरावा, याविषयी मराठी प्रेक्षकांत दीर्घकाळ नाराजी राहिली आहे आणि ती अनाठायी म्हणता येत नाही. पोलीस अधिकाऱ्याच्या साचेबंद भूमिकेचा उच्चांक जगदीश राज यांच्या नावावर आहे. त्यांनी १४४ चित्रपटांत पोलीस निरीक्षकाची भूमिका केल्याची नोंद गिनेसने घेतली होती.

‘शोले’ आला त्याच वर्षी दादा कोंडके यांचा ‘पांडू हवालदार’ हा मराठी चित्रपट आला. हिंदीत टिंगलीचा विषय असलेला हवालदार येथे नायक झाला आणि अशोक सराफ यांनी साकारलेल्या सखाराम हवालदाराच्या रूपाने त्याला तोडीस तोड जोडीदार मिळाला. पोलीस दलातील सर्वांत खालची पायरी, तिच्यावरून दिसणारे शहर आणि तिथली लाचलुचपत हा या विनोदी चित्रपटाचा विषय आहे. विनोदाच्या आवरणाखालचा हा भाग समीक्षेत पुरेसा नोंदला गेलेला नाही.

मराठी चित्रपटाला दुय्यम पात्रांनी पुष्कळ दिले आहे. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) मधील घरमालक विश्वास सरपोतदार ही सुधीर जोशी यांची भूमिका चित्रपटाच्या आरंभीच्या भागापुरती आहे, तरी त्यांनी घर सोडायला लावले नसते तर पुढची बनवाबनवी घडलीच नसती. निळू फुले यांनी ‘पिंजरा’ (१९७२) सारख्या चित्रपटांतून सहायक भूमिकेला असे वजन दिले की पुढे त्यांच्यासाठी मध्यवर्ती भूमिका लिहिल्या गेल्या. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ (२०१६) मध्ये परश्याचे मित्र सल्या आणि लंगड्या हे केवळ हशा पिकवण्यासाठी नाहीत. प्रेमाची किंमत त्यांनाही मोजावी लागते. चित्रपट पुढे शहरात जातो आणि हे दोघे मागे राहतात, तेव्हा प्रेक्षकाला त्यांची उणीव जाणवते.

पोटाची गरज आणि कलेची वाट

दुय्यम भूमिका नेहमी निवडलेली असतेच असे नाही. येवल्यात १९१६ मध्ये जन्मलेल्या ललिता पवार मूकपटांच्या काळापासून नायिकेच्या भूमिका करीत होत्या. १९४२ मध्ये एका चित्रीकरणात जोराची थप्पड बसून त्यांच्या चेहऱ्याला अर्धांगवायू झाला आणि डाव्या डोळ्यात कायमचे व्यंग राहिले. नायिकापद संपले. पुढची अनेक दशके त्यांनी चरित्रभूमिका केल्या : ‘श्री ४२०’ (१९५५) मधील केळेवाली, ‘अनाडी’ (१९५९) मधील वरून करडी आणि आतून मायाळू मिसेस डिसा, असंख्य खाष्ट सासवा. ‘अनाडी’साठी त्यांना सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. रामानंद सागर यांच्या ‘रामायण’ मालिकेत त्या मंथरा झाल्या. मंथरा ही दासी, म्हणजे राजवाड्याच्या उतरंडीतली खालची पायरी. पण तिच्या कानगोष्टीवाचून वनवास नाही आणि वनवासावाचून रामायण नाही.

पुरस्कार

अमेरिकेच्या ऑस्कर पुरस्कारांत सहायक अभिनयाचे विभाग १९३६ च्या चित्रपटांपासून सुरू झाले. पहिले मानकरी वॉल्टर ब्रेनन आणि गेल सोंडरगार्ड. आरंभीची काही वर्षे या विजेत्यांना पूर्ण बाहुलीऐवजी लहान फलक दिला जाई; दुय्यमपणा पारितोषिकाच्या आकारातही उतरला होता. १९४४ च्या ‘गोइंग माय वे’ या चित्रपटातील एकाच भूमिकेसाठी बॅरी फिट्झजेरल्ड यांना मुख्य आणि सहायक अशा दोन्ही विभागांत नामांकन मिळाले, त्यानंतर नियम बदलण्यात आला. मुख्य भूमिका कोठे संपते आणि सहायक कोठे सुरू होते हा वाद मात्र अद्याप मिटलेला नाही. ‘नेटवर्क’ (१९७६) साठी हा पुरस्कार मिळवणाऱ्या बिअट्रिस स्ट्रेट पडद्यावर जेमतेम पाच मिनिटे दिसतात.

या विभागाच्या इतिहासातील सर्वांत बोलका प्रसंग १९४० चा आहे. ‘गॉन विथ द विंड’मधील मॅमी या गुलाम दाईच्या भूमिकेसाठी हॅटी मॅकडॅनियल यांना पुरस्कार मिळाला. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय कलाकार. मात्र समारंभ ज्या हॉटेलात झाला तेथे वर्णभेद पाळला जात असल्याने त्यांना इतर कलाकारांपासून दूर, वेगळ्या टेबलावर बसवण्यात आले. पडद्यावरची उतरंड आणि सभागृहातली उतरंड एकच होती.

भारतात फिल्मफेअरने १९५५ मध्ये सहायक अभिनयाचे पुरस्कार सुरू केले. पहिले विजेते ‘बूट पॉलिश’साठी डेव्हिड आणि ‘बादबान’साठी मराठी अभिनेत्री उषा किरण हे होते. ‘अर्धसत्य’ (१९८३) मधील रामा शेट्टीसाठी सदाशिव अमरापूरकर यांना हाच पुरस्कार मिळाला. ती भूमिका मोजक्याच प्रसंगांची आहे. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत हे विभाग १९८४ च्या चित्रपटांपासून आले आणि ‘पार्टी’साठी रोहिणी हट्टंगडी या पहिल्या सहायक अभिनेत्री ठरल्या. त्याआधीच ‘गांधी’ (१९८२) मधील कस्तुरबांच्या भूमिकेसाठी त्यांना ब्रिटिश अकादमीचा सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार मॉरीन स्टेपल्टन यांच्याबरोबर विभागून मिळाला होता.

व्हिडिओ गेममधील दुय्यम पात्रे

आरंभ

खेळाडूविरहित पात्र ही कल्पना संगणकापूर्वीची आहे. १९७४ मध्ये आलेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलावर बसून खेळण्याच्या खेळात प्रत्येक खेळाडू एकेक पात्र होई आणि उरलेले सारे जग, म्हणजे खानावळवाला, पहारेकरी, चोर, खेळ चालवणारा एकटा बोलून दाखवी. संगणकाने हे काम आपल्याकडे घेतले.

जपानच्या नामको कंपनीचा ‘पॅक-मॅन’ (१९८०) हा स्वभाव असलेल्या दुय्यम पात्रांचा पहिला मोठा प्रयोग मानता येईल. तोरू इवातानी यांनी त्यातील चार भुतांना वेगवेगळी वागणूक दिली. तांबडे ब्लिंकी सरळ पाठलाग करते. गुलाबी पिंकी खेळाडूच्या पुढची जागा गाठू पाहते. निळ्या इंकीची चाल ब्लिंकीच्या जागेवरही अवलंबून असल्याने ओळखणे अवघड जाते, आणि नारिंगी क्लाइड जवळ आले की पाठ फिरवते. चौघांचा आकार एकच, संवाद एकही नाही. तरी थोडा वेळ खेळल्यावर क्लाइड भित्रे आहे असे मुले खात्रीने सांगतात. पात्र वागण्यातून घडते हा नाट्यशिक्षणातला पहिला धडा येथे काही ओळींच्या गणिताने दिला आहे.

निन्टेन्डोच्या ‘मारिओ ब्रदर्स’ (१९८३) मधील लुइजी हा दुसऱ्या खेळाडूसाठी आणलेला भाऊ. यंत्राची स्मृती तोकडी असल्यामुळे मारिओचेच चित्र रंग बदलून वापरण्यात आले. उंची, भित्रेपणा आणि धाकटेपणाची खंत हे गुण त्याला नंतर चिकटले. २००१ मध्ये ‘लुइजीज मॅन्शन’मध्ये तो नायक झाला, तोही झपाटलेल्या वाड्यात थरथरत फिरणारा. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (१९८५) मध्ये पहिल्या सात किल्ल्यांच्या शेवटी प्रत्येक वेळी राजकन्येऐवजी तिचा एक सेवक सुटतो आणि ती दुसऱ्या किल्ल्यात असल्याचे सांगतो. सुटका त्या सेवकाचीही झालेली असते, पण खेळाडूची निराशा एवढी असते की त्याचे अभिनंदन करण्याचे कोणालाच सुचत नाही.

प्यादी, शिपाई आणि हुद्दे

खालच्या हुद्द्याच्या सैनिकाचे मरण चित्रपटात आणि गेममध्ये सारखेच स्वस्त असते. ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी मालिकेत लाल सदरा घातलेले अनोळखी कर्मचारी वारंवार मरत, म्हणून ‘लाल सदरेवाला’ हा मरणासाठीच आणलेल्या पात्राचा पर्यायी शब्द झाला. जॉन स्कॅल्झी यांनी त्यावर लिहिलेल्या कादंबरीला २०१३ मध्ये ह्यूगो पुरस्कार मिळाला.

या सवयीला छेद देणारे काही गेम उल्लेखनीय आहेत. ब्रिटनच्या सेन्सिबल सॉफ्टवेअरने केलेल्या ‘कॅनन फॉडर’ (१९९३) मध्ये मोहिमांच्या मध्ये एक टेकडी दिसते. तिच्यासमोर भरतीसाठी आलेल्या तरुणांची रांग असते आणि मोहिमेत जितके मरतील तितकी थडगी टेकडीवर उगवतात. रांग संपत नाही. प्रत्येक शिपायाला नाव आहे, त्यामुळे थडगेही कोणाचे तरी असते. नावाचा अर्थच मुळी तोफेच्या तोंडी द्यायचा चारा असा आहे, आणि खेळकर दिसणारा हा गेम युद्धाबद्दल जे बोलतो ते अनेक गंभीर गेमना जमलेले नाही.

जपानच्या ‘फायर एम्ब्लेम’ (१९९०) या मालिकेत लढाईत पडलेला साथीदार कायमचा जातो. ‘एक्सकॉम’मध्ये कोरे, अननुभवी शिपाई भरती होतात, टिकले तर बढती मिळवतात, आणि खेळाडू त्यांना हवी ती नावे देऊ शकतो. पुष्कळ जण मित्रांची, भावंडांची नावे देतात. परिणामी कथाकाराने एक ओळही न लिहिलेल्या शिपायाला वाचवण्यासाठी खेळाडू तासन्‌तास खटपट करतो.

‘मिडल-अर्थ : शॅडो ऑफ मॉर्डर’ (२०१४) या गेममध्ये शत्रूच्या फौजेतील अधिकाऱ्यांची उतरंडच खेळाचा विषय आहे. एखाद्या सामान्य ऑर्क शिपायाच्या हातून खेळाडू मारला गेला तर त्या शिपायाला नाव आणि बढती मिळते, आणि पुढच्या भेटीत तो मागचा प्रसंग आठवून हिणवतो. वरचा अधिकारी मेला की जागा रिकामी होते व खालचे तिच्यासाठी भांडू लागतात. मृच्छकटिकाच्या शेवटी नाटककाराने केलेली पदोन्नती येथे यंत्र करते, फरक इतकाच की तिथे ती उपकाराची फेड होती आणि इथे खुनाची बक्षिशी. या पद्धतीचे एकस्व वॉर्नर ब्रदर्सला २०२१ मध्ये मिळाले, त्यामुळे इतर निर्मात्यांना तिचा वापर करणे अवघड झाले आहे.

‘अंडरटेल’ (२०१५) या टोबी फॉक्स यांच्या गेमने प्रश्न उलटा विचारला. वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक किरकोळ राक्षसाला न मारताही पुढे जाता येते. सर्वांना मारीत गेल्यास गावे ओस पडतात आणि गेम खेळाडूला त्याचा जाब विचारतो. ‘पेपर्स, प्लीज’ (२०१३) मध्ये तर खेळाडूच खालच्या हुद्द्याचा आहे : एका काल्पनिक हुकूमशाही देशाच्या सीमेवर पारपत्रे तपासणारा कारकून. कागद नियमात बसत नाहीत म्हणून नवरा-बायकोची ताटातूट करायची की दंड भरून स्वतःच्या घरच्यांना उपाशी ठेवायचे, हे त्याला ठरवावे लागते.

सोबती

सोबत चालणारे पात्र गेममध्ये पूर्वी अडगळ ठरत असे. ते वाटेत अडकते, शत्रूसमोर उभे राहते आणि त्याचा जीव गेला की खेळ संपतो. फुमितो उएदा यांच्या ‘इको’ (२००१) ने या अडचणीचेच सौंदर्य केले. शिंगे असलेला मुलगा आणि त्याची भाषा न समजणारी योर्दा एका ओसाड किल्ल्यात फिरतात. खेळाडूने बटन दाबून धरले तरच तो तिचा हात धरतो, बटन सोडले की हात सुटतो. ‘बायोशॉक इन्फिनिट’ (२०१३) मधील एलिझाबेथ लढाईत स्वतःची काळजी घेते आणि खेळाडूला दारूगोळा पुरवते. ‘फायनल फँटसी ७’ (१९९७) मधील एअरिथचा मृत्यू मधल्या टप्प्यावर होतो. खेळाडूने तोवर तिची शक्ती वाढवण्यासाठी घालवलेला वेळही तिच्याबरोबर जातो. कादंबरीत वाचक केवळ पात्र गमावतो, इथे स्वतःचे कष्टही गमावतो. तो धक्का त्या पिढीच्या खेळाडूंना अजून आठवतो.

‘हाफ-लाइफ’ (१९९८) मधील सुरक्षारक्षक आणि शास्त्रज्ञ मोजक्या चेहऱ्यांचे, एकमेकांच्या प्रती असलेले होते. पुढे ‘ब्लू शिफ्ट’ (२००१) मध्ये खेळाडू त्यांपैकीच एक रक्षक, बार्नी, होऊन तीच दुर्घटना खालच्या मजल्यावरून पाहतो. दुसऱ्या भागातील (२००४) सोबतीण अ‍ॅलिक्स २०२० च्या गेममध्ये नायिका झाली.

पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेच्या ‘राजी : ॲन एन्शन्ट एपिक’ (२०२०) मध्ये नायिका राजी आपल्या पळवून नेलेल्या धाकट्या भावाचा, गोलूचा, शोध घेते. गोलू फार थोडा वेळ दिसतो, तरी साऱ्या प्रवासाचे कारण तोच आहे. कथा दुर्गा आणि विष्णू यांच्या संभाषणातून उलगडते.

परस्पर प्रभाव

गेममधील गौण पात्रांवर चित्रपटांनी अलीकडे लक्ष वळवले आहे. डिस्नेच्या ‘रेक-इट राल्फ’ (२०१२) चा नायक तीस वर्षे खलनायकाचे काम करून कंटाळलेला आर्केड गेममधील धटिंगण आहे. ‘फ्री गाय’ (२०२१) मध्ये बँकेतील एका खेळाडूविरहित कारकुनाला आपण रोज लुटले जाण्यासाठीच आहोत हे कळते. फराह खान यांच्या ‘ओम शांती ओम’ (२००७) चा पूर्वार्ध हिंदी चित्रपटसृष्टीतील एका ज्युनियर आर्टिस्टची कथा आहे. ‘डेस्पिकेबल मी’ (२०१०) मधील पिवळे मिनियन हे खलनायकाचे हरकामे. त्यांच्यावर २०१५ मध्ये स्वतंत्र चित्रपट निघाला आणि त्याने जगभरात शंभर कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न मिळवले.

गर्दीचे श्रम

नाव नसलेल्या पात्रामागे मात्र नाव असलेला माणूस असतो. ‘गांधी’ चित्रपटातील अंत्ययात्रेचे दृश्य ३१ जानेवारी १९८१ रोजी दिल्लीत चित्रित झाले. त्यात तीन लाखांहून अधिक लोक होते आणि सर्वाधिक जनसमुदायाचा तो विक्रम मानला जातो. त्यांतील मोठा भाग स्वयंसेवकांचा होता. आज असा जमाव संगणकावर उभा करता येतो, त्यामुळे गर्दीवर पोट असलेल्या कलाकारांचे काम घटण्याची भीती आहे.

अमेरिकेतील अभिनेत्यांच्या संघटनेचा १४ जुलै ते ९ नोव्हेंबर २०२३ हा संप याच प्रश्नाशी निगडित होता. गर्दीतील कलाकाराचे शरीर व चेहरा एकदा यंत्राने टिपून घ्यावा आणि पुढे त्याची प्रतिमा वापरीत राहावे, ही शक्यता वाटाघाटीतील एक कळीचा मुद्दा ठरली. झालेल्या करारात अशा वापरासाठी संमती आणि मोबदला यांची तरतूद आली. याच संघटनेच्या व्हिडिओ गेममध्ये आवाज व हालचाली देणाऱ्या कलाकारांनी जुलै २०२४ मध्ये स्वतंत्र संप सुरू केला, तोही कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापराबाबत होता. गेममधील किरकोळ पात्रांना या तंत्राचा धोका अधिक असतो. एकच कलाकार दहा-बारा पहारेकऱ्यांचा आवाज देतो, वाक्ये तुटक असतात आणि ती कोणी उच्चारली हे खेळणाऱ्याला सहसा माहीत नसते. ‘स्कायरिम’ (२०११) मधील नगररक्षकांचे गुडघ्यात बाण लागल्याविषयीचे एक वाक्य जगभर विनोदाचा विषय झाले; ते म्हणणाऱ्यांची नावे श्रेयनामावलीत शोधावी लागतात.